डोक्यावरचं तेल

रात्री देवळात जायचं, देवापुढच्या दिव्यातलं तेल घ्यायचं आणि आपल्या हातांनी डोक्यावर ओतायचं. बस्स, संसार सुटला. दक्षिण कोकणातल्या ब्राह्मणेतर जातींतली एखादी सासुरवाशीण नवऱ्याला अशी सोडून येई आणि त्या देवळाची सेवेकरीण, म्हणजे भावीण, होई. इंग्रज अमलात रत्नागिरी जिल्ह्याच्या जातींची टिपणं झाली, त्यांत ही चाल नोंदलेली आहे. मालवण, वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरीतच; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१मध्ये.

भाविणींचं कूळ सांगतात ते असं: सावंतवाडीच्या आणि मालवणच्या सत्ताधीशांनी आपल्या पदरच्या बटकी देवाला वाहिल्या, त्यांचा हा वंश. म्हणजे मुळात या दुसऱ्याने देऊन टाकलेल्या बायका. तेलाची वाट मात्र बाईने आपण होऊन धरायची. काडीमोड म्हटली की जात आली, पंच आले, नवऱ्याची मर्जी आली. इथे साक्षीला एकटा देव. तिकडे १८८७मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. सुधारलेल्या मुंबईत जे मिळेना ते कोकणातल्या देवळात पळीभर तेलात मिळत होतं!

फुकट मात्र नव्हे. भावीण म्हणजे गाणारी-नाचणारी नायकीण नव्हे. तिने देऊळ झाडायचं, शेणाने सारवायचं, देवावर चवरी ढाळायची. ज्या पुरुषाच्या आधाराने राहायचं त्याची ती लग्नाची बायको कधीच नाही; त्याने पाठ फिरवली तर फिर्याद कुठे न्यायची?

आणि खरी फसगत पुढच्या पिढीची. भाविणीची मुलगी वयात आली की तिचा ‘शेष’ लागे. घरी गणपतिपूजन, पुण्याहवाचन होई. मग देवळातून गुरव आणि इतर सेवेकरी वाजतगाजत देवाचा मुखवटा आणि खंजीर घेऊन येत. नवरदेवाच्या जागी तो मुखवटा. बाकी होमासकट सगळं लग्नासारखं. आईने तेल ओतलं ते स्वतःच्या मनाने, लेकीला कुणी विचारलं? मुलगे देवळी होत, देवापुढे शिंग फुंकत, मशाली धरत.

१९३४मध्ये मुंबई सरकारच्या कायद्याने मुली देवाला वाहणं बेकायदा ठरवलं आणि वाहिलेल्या बाईने माणसाशी केलेलं लग्न कायदेशीर मानलं. नको असलेला नवरा सोडायची सोय हिंदू बायकांना त्याच सरकारच्या कायद्यात मिळाली ती त्यानंतर १३ वर्षांनी, १९४७मध्ये.