फोनला रात्र झाली, ॲपला कधी?

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी कार्तिक पौर्णिमेला भाविकांची गर्दी होते. समजा, दिवसा उघडलेले यात्रेचे ॲप एखाद्याने रात्री पुन्हा पाहिले. सूर्यास्ताबरोबर फोनने गडद रूप घेतलेले असते. ॲप मात्र पांढरेफटक! दोष बहुधा ॲपचाच. त्याने फोनची पसंती सुरू होताना एकदाच विचारलेली असते.

गडद रूपाची सोय २०१९ मध्ये आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० यांत आली. एकाच आज्ञावलीतून दोन्ही फोनांसाठी ॲप घडविणाऱ्या 'रिॲक्ट नेटिव्ह'मध्ये २०२० च्या ०.६२ आवृत्तीपासून 'यूज कलर स्कीम' ही पसंती सांगते आणि ती बदलताच ॲपलाही कळविते. 'फ्लटर'मध्ये उजळ व गडद असे दोन्ही रंगसंच देऊन 'थीम मोड' हा 'सिस्टिम'वर ठेवला की पुरते. 'एक्स्पो' वापरणाऱ्यांची फसगत निराळीच. तेथे 'यूझर इंटरफेस स्टाइल' हे 'ऑटोमॅटिक' असल्याची खात्री करावी. ही नोंदच नसेल, तर ॲप कायम उजळ राहते.

पसंती अचूक ओळखूनही एक चूक उरतेच. अक्षरांचा काळा रंग आज्ञावलीत थेट लिहिलेला असेल, तर गडद पडद्यावर मजकूर दिसेनासा होतो.