डिसेंबरचा बर्फ आणि ब्लॅनफर्डचा अंदाज

2024 च्या गणपतीत लालबागच्या गर्दीत अडकून पडलेलो असताना आमच्या ग्रुपने ठरवलं की या हिवाळ्यात स्कीइंगला जायचं. पाच जण, गुलमर्ग, नाताळची सुट्टी. पाचांपैकी बर्फ पाहिलेली एकच, तीही रोहतांगला भाड्याचा कोट आणि गमबूट घालून फोटो काढून आलेली. तारखा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कारण सरळ होतं: "तू पीएच.डी. करतेयस ना, मग शोध."

प्रश्न एका ओळीचा होता. 20 ते 27 डिसेंबरला गुलमर्गला स्की करण्याइतका बर्फ असेल का? मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. गेले तीन आठवडे, आणि पोचले 1884 मध्ये. मधल्या रस्त्यावर जे सापडलं ते संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

आधी शब्दांचा घोळ. "डिसेंबरमध्ये गुलमर्गला बर्फ असतो का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. बर्फ पडतो. पण बर्फ पडणं आणि स्कीइंगजोगा बर्फ असणं ही दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत. गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर आहे. शिकाऊ लोकांचे उतार तिथेच, खालच्या मैदानाच्या कडेला. मोसमाच्या सुरुवातीला पडलेला बर्फ अजून गरम असलेल्या जमिनीवर पडतो, दुपारच्या उन्हात विरघळतो, आणि उरतो तो दगडगवतात जिरल्यासारखा होतो. स्कीखाली दाबून बसलेला थर लागतो, आणि तो एकावर एक दोन-तीन चांगल्या हिमवृष्टी झाल्याशिवाय तयार होत नाही. वर अफरवटवर, गोंडोलाचा दुसरा टप्पा जिथे पोचतो तिथे, म्हणजे 3900 मीटरच्या वर, बर्फ आधी साठतो. पण तो आमच्यासारख्या नवशिक्यांच्या कामाचा नाही, आणि सुरुवातीच्या दिवसांत धोक्याचाही असतो. बर्फाचा थर पातळ असतो, जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा त्याहून कितीतरी थंड. एवढ्याशा जाडीत तापमानाचा इतका फरक पडला की वाफ खालून वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे कण बनतात. त्याला डेप्थ होर म्हणतात. पुढे महिन्याभराने त्याच्यावर जड थर बसला की खालची साखर सरकते आणि हिमस्खलन होतं. थोडक्यात, डिसेंबरचा बर्फ फोटोसाठी ठीक, शिकण्यासाठी बेभरवशाचा.

पण "बेभरवशाचा" म्हणजे किती? इथे मी सरासरी शोधायला लागले, आणि तुम्हीही तीच चूक कराल.

काश्मीरमधला हिवाळी बर्फ मुख्यतः वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे पडतो. आपल्या पेपरांत त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने, वरच्या हवेतल्या पश्चिमी झोताबरोबर ही वादळं पूर्वेकडे येतात. हिवाळ्यात हा झोत दक्षिणेला सरकतो, हिमालयावर येतो, आणि महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. डिसेंबरच्या सुरुवातीला तो अजून पुरता खाली आलेला नसतो. आता बघा, चार-सहा घटनांवर महिन्याचा हिशोब असेल, आणि त्यातल्याही एक-दोनच जोरदार असतील, तर एक चुकली की महिना कोरडा. अशा ठिकाणी सरासरी जवळजवळ निरुपयोगी. मला लागणार होता तो चढउतार, आणि चढउतार कळायला लांब पल्ल्याची नोंद लागते. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची मैदानं भर हिवाळ्यात तपकिरी दिसत होती. महिना संपता संपता पहिली दमदार हिमवृष्टी झाली. हे अपवाद होतं की नेहमीचं, हे ठरवायला मागे जाणं भाग होतं.

मागे जाताना भेटला हेन्री ब्लॅनफर्ड. 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं तेव्हा त्याच्याकडे सगळ्या देशाच्या नोंदी एकत्र आणण्याचं काम आलं. आपल्या कुलाब्याची वेधशाळा तेव्हा पन्नाशीला आली होती, 1826 ची ती. म्हणजे निरीक्षणं होती, पण ठिकठिकाणी विखुरलेली. खातं सुरू होऊन वर्ष होतंय तोच 1876-78 चा दुष्काळ पडला. मुंबई इलाखा होरपळला, सोलापूर-साताऱ्याकडची माणसं गावं सोडून निघाली. सरकारला एकच गोष्ट हवी होती: पाऊस येणार की नाही हे आधी सांगा.

ब्लॅनफर्डने 1884 मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये एक निबंध छापला. विषय हिमालयातली हिमवृष्टी, कोरडे वारे आणि दुष्काळ. तर्क असा की हिमालयावर जास्त बर्फ साठला, उशिरापर्यंत टिकला, तर तो वितळवण्यात उष्णता खर्च होते, उत्तर-पश्चिमेकडून कोरडे वारे वाहत राहतात, आणि मान्सून कमजोर पडतो. मला हवा होता तोच आकडा, "यंदा डोंगरात बर्फ किती", त्याला हवा होता. फक्त मला मजेसाठी, त्याला दुष्काळासाठी. माझे आजोबा माण तालुक्यातून गिरणीत आले ते पाऊस दगा देतो म्हणूनच. त्यामुळे "चांगला स्की सीझन म्हणजे कदाचित वाईट पावसाळा" हे वाक्य डोक्यात आलं तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं.

1882 पासून त्याने जपून, चाचणी म्हणून अंदाज दिले. ते बऱ्यापैकी जमले. मग 4 जून 1886 रोजी देशासाठी मान्सूनचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला. आज एप्रिल-मे महिन्यात टीव्हीवर "यंदा इतके टक्के पाऊस" ऐकतो, त्याची सुरुवात ही. आणि ती सुरुवात डोंगरातल्या बर्फावर उभी होती.

इथे थांबा आणि डेटाकडे बघा. बर्फ मोजणारी ठाणी मोजकी होती. बरीचशी माहिती डोंगराळ भागातल्या अधिकाऱ्यांनी कळवलेली: अमुक खिंड अजून बंद आहे, तमुक शिखरावर यंदा जास्त दिसतोय. मी मोबाईलवर रील्स बघून "डिसेंबर 2022 ला बर्फ होता वाटतं" असं वहीत लिहीत होते, त्याच्याशी याचं नातं फार लांबचं नाही. जिथे माणूस होता तिथलीच नोंद आहे. आणि बर्फ पडला की लोक कळवतात. नाही पडला की गप्प बसतात. रील्सचंही तेच. कोरड्या मैदानाचा व्हिडिओ कोण टाकतो?

पुढची गोष्ट थोडक्यात. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन एलियटने बर्फाच्या जोडीला हिंदी महासागरावरचे वारे, ऑस्ट्रेलियाकडचा वायुदाब असं बरंच काही घेतलं. अंदाज लांबलचक झाले. 1899 ला चांगल्या पावसाचा अंदाज होता आणि त्या शतकातल्या भीषण दुष्काळांपैकी एक पडला. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर आला. केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्र त्याचा विषयच नव्हता. त्याने "का" हा प्रश्न बाजूला ठेवला आणि जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून बघायला लागला. हाताखालच्या कारकुनांकडून ढीगभर कोरिलेशन्स काढून घेतली. हिमालयातला बर्फ त्याच्याही सूत्रात होता, पण चार घटकांपैकी एक म्हणून. बाकीचे मॉरिशस, दक्षिण अमेरिका आणि झांझिबारचे. या खटाटोपातून त्याला पॅसिफिकवरचा वायुदाबाचा झोका दिसला, ज्याला त्याने सदर्न ऑसिलेशन नाव दिलं. आज एल निनो-ला निना म्हणतो त्या गोष्टीचा हा अर्धा भाग. म्हणजे बर्फावरून पाऊस सांगायला निघालेलं खातं पॅसिफिकला जाऊन पोचलं.

वॉकरचं मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र 1914 चं आहे, आणि ते कुणी फारसं सांगत नाही. त्याने विचारलं: मी शेकडो जोड्या तपासल्या, तर त्यातली सगळ्यात मोठी जोडी निव्वळ योगायोगाने किती मोठी दिसेल? तुम्ही मल्टिपल टेस्टिंगचं जे लेक्चर कंटाळत ऐकता, ते हे. पहिल्या महायुद्धाच्या वर्षी, कॅल्क्युलेटर नसताना. पुढे बर्फ आणि मान्सूनचं नातं डळमळलं, मागे पडलं, आणि 1976 मध्ये हान आणि शुक्ला यांनी उपग्रहाची चित्रं वापरून ते युरेशियाच्या पातळीवर परत मांडलं. त्यांच्याकडेही दहाहून कमी वर्षांचा डेटा होता. विषय अजून मिटलेला नाही.

आता आमच्या सहलीकडे. नाताळलाच जायचं हे कुणी ठरवलं? गुलमर्गला 1927 मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला, आणि त्यांचे मेळावे वर्षातून दोनदा होत: ख्रिसमस आणि ईस्टर. दोन्ही रजेच्या तारखा आहेत. बर्फाचं कॅलेंडर काश्मिरी लोकांकडे आधीपासून होतं: 21 डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, चाळीस दिवस कडाक्याचे, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. आम्ही ठरवलेला आठवडा या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर होता, म्हणजे बर्फ साठायच्या आधी. माझं मत असं की आपण सुट्टीचं कॅलेंडर वारशाने घेतलं आणि ते निसर्गाचं समजलो.

त्या वर्षी सगळीकडे "ला निना येतोय, थंडी कडाक्याची" अशा बातम्या होत्या. ग्रुपवर त्या फॉरवर्ड होत होत्या. वॉकर वाचून झाल्यामुळे मी ते मानलं नाही. पॅसिफिकवरून गुलमर्गचा एक आठवडा सांगणं म्हणजे मोठ्या सरासरीवरून एका दिवसाचं भविष्य सांगणं. मी लिहून दिलं: डिसेंबर नको, फेब्रुवारीचा मध्य घ्या, तोपर्यंत दोन महिन्यांचे विक्षोभ साठलेले असतील.

याची किंमत होती. आमच्यातली गिरगावची मैत्रीण शाळेत शिकवते. फेब्रुवारीत तिला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं, परीक्षा तोंडावर. ती म्हणाली, "ठीक आहे गं, तुम्ही जा." तिच्या आवाजावरून ते ठीक नव्हतं. शिवाय नाताळच्या बुकिंगसाठी भरलेल्या ॲडव्हान्समधले अर्धे पैसे टूरवाल्याने परत दिले नाहीत.

27 आणि 28 डिसेंबरला काश्मीरमध्ये जोरदार हिमवृष्टी झाली. श्रीनगरची विमानं रद्द झाली, महामार्ग अडला. मैत्रीण आईवडिलांना घेऊन 30 तारखेला पोचली. तिने पाठवलेल्या फोटोत गुडघाभर बर्फ आहे आणि ती पोरांसारखी हसतेय. जानेवारी कोरडा गेला.

15 फेब्रुवारीला आम्ही चौघं जम्मूहून रस्त्याने तिथे पोचलो. शिकाऊ उतारावर बर्फाचे ठिगळ, मध्ये माती. प्रशिक्षकाने एका सावलीतल्या पट्ट्यावर दोन दिवस आम्हाला थांबायचं कसं आणि पडायचं कसं एवढं शिकवलं. आम्ही तिथे असतानाच बातमी आली की 22 पासूनच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या. म्हणजे सरकारनेही फेब्रुवारीच निवडला होता, एवढंच समाधान.

परतल्यावर ग्रुपवर माझी यथेच्छ टिंगल झाली. मी वहीत मागे जाऊन माझा निर्णय पुन्हा तपासला. सप्टेंबरमध्ये हातात जे होतं त्यावरून आजही मी फेब्रुवारीच म्हणेन. ब्लॅनफर्डच्या सुरुवातीच्या वर्षांचं नेमकं उलट झालं होतं: त्याचे अंदाज जमले म्हणून तर्क बरोबर वाटला, माझा फसला म्हणून तर्क चूक वाटला. दोन्हीकडे सॅम्पल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच.

फेब्रुवारी संपता संपता तिकडे बर्फ पडला. 9 मार्चला गुलमर्गच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा मी परळला लॅबमध्ये होते, पंखा पाचवर. मैत्रिणीचा मेसेज आला, "पुढच्या वर्षी नाताळ की फेब्रुवारी?" मी तिला तिच्या शाळेच्या सुट्ट्यांची यादी मागितली.