मुळाथडीचा लांडगा (कल्पित जाती)

मुळाथडीचा लांडगा : माणूस नाहीसा झाल्यावर सुमारे पाच हजार वर्षांनी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी परिसरात नांदू शकेल अशी श्वानकुलातील कल्पित जाती. सुचवलेले शास्त्रीय नाव कॅनिस मुलाएन्सिस. मुळा व प्रवरा यांच्या काठचा सखल पट्टा, दक्षिणेला वांबोरी घाटाचे डोंगर आणि पश्चिमेला ताहराबाद-म्हैसगावकडचे माळ हे तिचे मानलेले वसतिस्थान. प्राणी कल्पित असला तरी त्याच्या वाट्याचे ऊन, पाऊस, गवत आणि भक्ष्य खरे धरावे लागते. तेवढी शिस्त पाळली तरच अशा प्राण्याला कोशात जागा आहे. माणूस गेला की लांडग्याला रान मोकळे, असा एक समज आहे. दख्खनपुरता तो टिकत नाही. इथला लांडगा मेंढपाळांच्या वाटांवर पोसला गेला आहे. माणूस गेला तर आधी लांडग्याचे ताट जाईल. म्हणून त्याचा वारस लहान चणीचा, काटक आणि काही अंशी कुत्र्याच्या रक्ताचा असेल, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

मूळ वाणाचा शोध दूर घ्यावा लागत नाही. विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत इथल्या लांडग्याचे कॅनिस पॅलिपेस या नावाने वर्णन आले. आज तो करड्या लांडग्याची उपजाती मानला जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात हा वंश हयात लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक ठरला. वजन साधारण १७ ते २५ किलो, अंगावर दाट लोकरी अस्तर नाही, टोळी लहान, आणि जंगलापेक्षा माळाची ओढ. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. व्यवहारात मात्र त्याचे पोट नगर, पुणे, सोलापूर पट्ट्यात शेळ्यामेंढ्यांवर आणि मेलेल्या जनावरांवर चालते, कारण काळवीट-चिंकारा उरले आहेत ते तुकड्यातुकड्यांनी. कल्पनेची पहिली पायरी इथे आहे. उत्तरेकडच्या बर्फातला धिप्पाड लांडगा राहुरीत आणून सोडणे म्हणजे उसाच्या सरीत देवदार लावणे.

माणसाविना राहुरी कशी दिसेल, हे पाण्यावरून ठरते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात वर्षाकाठी सरासरी ५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो तो मुळा धरणाच्या जिवावर. बारागाव नांदूरच्या या मातीच्या धरणात २६ टीएमसी पाणी मावते खरे, पण आवर्तन सोडणारा हात नसला की कालवे उन्हाळ्यात कोरडे पडतात, चाऱ्यांत आधी तण आणि मग माती भरते. खोडव्याचे कोंब एक-दोन पावसाळे तग धरतील. पुढे काळ्या रानात वेडी बाभूळ घुसेल, माळावर कुसळी आणि पवन्या पसरेल. शेततळी मात्र बराच काळ घात करत राहतील. तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने निसरडा होतो. पाण्याला उतरलेले जनावर पुढचे पाय काठावर टेकते, नखे कागदावरून घसरतात, आणि ते पुन्हा पाण्यात जाते. कठडा नसलेल्या विहिरींचेही तेच. पाण्याजवळ जाताना थबकणारे, काठ हुंगून मागे सरणारे जनावर जगेल आणि बेधडक उतरणारे बुडेल, अशी निवड पहिल्या काही दशकांतच सुरू होईल.

खरा पेच भक्ष्याचा आहे. राहुरी हे जनावरे घडवण्याचे गाव आहे, हे इथे विसरून चालत नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली, निम्मी होल्स्टीन फ्रिजियन, पाव जर्सी, पाव गीर. भरपूर दूध देणारी ही गाय हिरवा चारा, खुराक, गोचीड निवारण आणि सावलीतला गोठा यांवर उभी आहे. दावे सोडणारा कोणी नसेल तर अशा बहुतेक गाई गव्हाणीपाशीच मरतील. सुटल्या त्या पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात पडतील. म्हणजे लांडगे, कुत्री, तरस आणि उरली असतील तर गिधाडे यांना वर्ष-दोन वर्षे मांसाचा पूर येईल, आणि पूर ओसरल्यावर दुष्काळ. दख्खनी मेंढी काटक असली तरी राखणीवाचून ती सोपी शिकार आहे. टिकेल ती शेळी. डोंगरउतारावर चढणारी, बाभळीच्या शेंगांवर भागवणारी संगमनेरी शेळी रानटी होऊन उरेल असे मानायला हरकत नाही, कारण जगात अनेक ठिकाणी शेळ्या रानटी होऊन फोफावल्या आहेत. काळविटांचा जवळचा राखीव साठा कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात आहे. १९८० मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. तिथले कळप मुळेपर्यंत पसरायला काही दशके लागतील. गाईगुरांची मढी संपणे आणि काळविटांचे कळप येणे, या दोहोंमधल्या फटीत लांडग्यांची संख्या मोजक्या टोळ्यांवर येईल. नवी जाती घडते ती अशाच अडचणीच्या दारातून.

यावर चेर्नोबिलचे उदाहरण पुढे केले जाईल. १९८६ च्या अणुदुर्घटनेनंतर माणसे हलवलेल्या पट्ट्यात, बेलारूसच्या बाजूला, लांडग्यांची घनता भोवतालच्या अभयारण्यांपेक्षा सात पटींहून अधिक असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उदाहरण खरे आहे, पण तिथे एल्क, हरणे आणि रानडुकरे होती आणि माणूस गेल्यावर ती मुक्त वाढली. राहुरीत रानडुक्कर आणि ससा सोडला तर भरवशाचे रानटी भक्ष्य आज नाही. तिथे माणूस जाणे म्हणजे शिकारी जाणे होते. इथे त्याच घटनेने शेळ्यामेंढ्यांचा पुरवठा करणाराच जातो.

दुसरा आक्षेप कुत्र्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. गावोगावची कुत्री लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मग लांडगा त्यांच्यात विरघळून जाणार नाही का? संकर होतो, याचा पुरावा जवळचाच आहे. पुण्याजवळच्या माळरानावर दिसलेला वेगळ्या रंगाचा एक प्राणी जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्रा यांचा संकर ठरला. पण संकर झाला म्हणजे लांडगा संपला असे होत नाही. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडून आला, असे २००९ मध्ये दाखवले गेले, आणि ते प्राणी लांडगेच राहिले. रक्तात काय येते यापेक्षा काय टिकते हे महत्त्वाचे. गावातली कुत्री वर्षात दोनदाही विऊ शकते आणि नर पिल्लांकडे फारसे पाहत नाही. उकिरड्यावर हे चालते. उकिरडा गेल्यावर एकटी कुत्री उन्हाळ्यात पिल्ले जगवू शकत नाही. वर्षातून एकदा, हिवाळ्यात विणारी आणि नराने घास आणून दिलेली लांडग्याची रीतच तिथे वरचढ ठरेल.

या निवडीत बिबट्याचा हात मोठा राहील, आणि तो सहसा कोणी हिशेबात धरत नाही. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात उसाच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा, ३९ टक्के, होता. ऊस गेल्यावर बिबट्या नदीकाठच्या झाडीत आणि वेड्या बाभळीत दबा धरेल. झाडीच्या कडेने हिंडणारी, रात्री एकेकटी झोपणारी, उगाच भुंकणारी कुत्री तो आधी उचलेल. माळावर राहणारी, टोळीने झोपणारी, आवाज जपून काढणारी पिलावळ वाचेल. लांडगेपण परत आणण्याचे काम इथे मुख्यतः हा दुसरा शिकारीच करील.

या सगळ्याची गोळाबेरीज करून घडवलेला प्राणी असा : वजन १४ ते १८ किलो, पाय लांब, छाती अरुंद, कान मोठे व पातळ. आखूड केस, बदामी-भुरा रंग, काहींच्या पायावर वा छातीवर कुत्र्याकडून आलेला पांढरा पट्टा. टोळी चार ते सहांची. भक्ष्य ससे, उंदीर, रानटी शेळीची करडे, काळविटाची पाडसे आणि बोरे. बोरांच्या दिवसांत विष्ठेत आठळ्याच अधिक. पाण्यावर येताना टोळीतला एक पुढे जातो, बाकीचे थांबतात. ही सवय शेततळ्यांच्या काळातली, तळी बुजून गेल्यावरही राहिलेली. बिळे कालव्याच्या जुन्या भरावात. ही माती माणसाने दाबून बसवलेली असल्याने ढासळत नाही आणि पावसाळ्यातही उंचावर राहते. धरणाचे दरवाजे बंद राहून एखाद्या महापुरात पाणी मातीच्या भिंतीवरून गेले तर नदीकाठ पार बदलेल, पण चढावरचे भराव उरतील.

इतक्या साध्या प्राण्यासाठी कल्पना कशाला, असेही कोणी विचारील. डुगल डिक्सन यांनी १९८१ च्या ‘आफ्टर मॅन’मध्ये पाच कोटी वर्षांनंतरचे जग रंगवले आणि शिकारी श्वापदांची जागा उंदरांच्या वंशजांना दिली. ते त्या कालावधीला शोभते. पाच हजार वर्षांत लांडग्याच्या दीड हजारभर पिढ्या होतात, तेवढ्यात जबडा आखूड होईल, रंग बदलेल, विणीचा हंगाम सरकेल, पण शिंगे फुटणार नाहीत. उलट टोकाचे उदाहरण २०२५ चे आहे. एका अमेरिकी कंपनीने करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल करून जन्मलेली पिल्ले नामशेष ‘डायर वुल्फ’ म्हणून जाहीर केली आणि अनेक शास्त्रज्ञांनी ती सुधारित करडे लांडगेच असल्याचे म्हटले. रूप आणले म्हणजे जाती आली असे नाही, तिला पोसणारा मुलूखही लागतो. होन्शूचा लांडगा, जपानमध्ये १९०५ पर्यंत हयात, बेटावर राहून लहान चणीचा झाला होता. मुळाथडीचे माळ बेट नव्हेत, त्यामुळे इथला वेगळेपणा बाभूळवन आणि बिबट्या यांच्या कुंपणावर अवलंबून राहील. या कारणाने जातीची सीमा अकोल्याच्या घाटमाथ्याकडे, पाऊस वाढून झाडी दाट होते तिथे, थांबलेली मानावी. पूर्वेला ती नेवाशाजवळच्या मुळा-प्रवरा संगमापलीकडे गोदावरीच्या खोऱ्यात जाऊ शकते.