‘संस्कार’ चित्रपटाच्या आकलनाचा इतिहास

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही कन्नड कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून तेलुगू कवी पट्टाभिराम रेड्डी यांनी १९७० साली त्याच नावाचा चित्रपट काढला. पटकथा गिरीश कार्नाड यांची होती आणि प्राणेशाचार्यांची भूमिकाही त्यांनीच केली. आचारभ्रष्ट नारणप्पा अग्रहारात प्लेगने मरतो. त्याचा अंत्यविधी कोणी करावा या वादात प्रेत तसेच पडून राहते, हे त्याचे कथाबीज होय.

प्रथम हा चित्रपट एका जातीवरील आरोपपत्र म्हणून पाहिला गेला. माध्व ब्राह्मणांची मने दुखावतील या भयाने मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने त्यास मनाई केली. केंद्र सरकारने ती उठविली आणि १९७० च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यालाच मिळाले. कन्नड चित्रपटास हा मान प्रथमच लाभला. काल जो आक्षेपार्ह होता तो आता नव्या कन्नड चित्रपटाचा आरंभ मानला जाऊ लागला. तथापि निंदकांच्या व प्रशंसकांच्या विचाराचे केंद्र एकच होते : प्राणेशाचार्य.

पुढे चंद्रीची भूमिका करणाऱ्या स्नेहलता रेड्डी यांना आणीबाणीत, १९७६ साली, अटक झाली. दम्याने पीडित असता त्यांनी बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात अनेक महिने काढले. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या निवर्तल्या. त्या कारागृहाच्या जागी आज ‘फ्रीडम पार्क’ हे उद्यान आहे. अभिनेत्रीच्या मरणाने भूमिकेचा अर्थ ठरत नाही, हे समीक्षकाने विसरता कामा नये. परंतु हा इतिहास जाणणाऱ्याचे लक्ष चंद्रीकडे गेल्यावाचून राहत नाही, आणि तसे ते गेले की कथेची घडणच निराळी दिसू लागते. आचार्यांना पोथ्यांत उत्तर सापडले नसता, नारणप्पाजवळ राहणारी ही स्त्री एका मुसलमानाच्या साहाय्याने, रात्री, गुपचूप प्रेताचे दहन करविते. ज्या प्रश्नापाशी सारा अग्रहार अडून बसला आहे तो केव्हाच सुटलेला असतो. निर्णय देणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ता नसतो.

‘संस्कार’ म्हणजे विधी, तसाच मनावर उमटलेला ठसाही. प्रेक्षकही असे ठसे घेऊनच चित्रपटगृहात येतो. सेन्सॉर मंडळाला जात दिसली, परीक्षकांना कला दिसली आणि दोघांनीही धर्मसंकट ते आचार्यांचेच मानले. चंद्रीची कृती कथेत पहिल्यापासूनच होती. ती इतकी वर्षे गौण का वाटली, याचे उत्तर चित्रपटात शोधून सापडणार नाही. ते आपणा विद्वान वाचकांपाशीच मागावे लागेल.