शकुंतलेच्या रुळांवर उन्हाळी सुटी

कुरड्या वाळत घालून झाल्या असतील, पापडाचं पीठ भिजलं असेल, आणि आता भर दुपारी घराचं दार लोटून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. बसा. आज कर्जफेडीचं बोलायचं नाही. आज आम्ही २०२४ च्या मे महिन्यात दोनदा फिरायला गेलो, त्याची गोष्ट सांगणार आहोत.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. त्या महिन्याची बैठक संपली, सह्या झाल्या, आणि एकीनं सहज विचारलं, “पोरांना उन्हाळ्याची सुटी असते, आपल्याला कधी असते?” सगळ्या हसल्या. मग गप्प झाल्या. कारण हिशेब केला तर आपला उन्हाळा म्हणजे शेवया, सरगुंडे, पापड, तिखट-हळदीची कुटाई, सरपण आणि पाणी. पावसाआधी वर्षाची बेगमी झाली पाहिजे.

तेव्हा ठरलं की लांब कुठं नाही, आधी आपलंच गाव बघायचं. ऊन उतरल्यावर दारव्ह्याचं जुनं स्टेशन बघायला जायचं. मोतीबाग स्टेशन म्हणतात ते. आमच्या गटातली सगळ्यात वडीलधारी, तिला आम्ही आजीच म्हणतो, ती म्हणाली, “काऊन वं, बंद पडलेल्या टेसनात का पाहाचं हाय?” पण निघताना तीच सगळ्यांच्या पुढं होती.

आता थोडा इतिहास. आपला जिल्हा १९०५ पर्यंत यवतमाळ नावाचा नव्हताच. त्याला वणी जिल्हा म्हणत, इंग्रज ‘वुन’ लिहीत. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यांना इथं काय हवं होतं ते आपल्या शेतात आजही उभं असतं. कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसात युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरला मोठी रेल्वे पोचली. पण ती आपल्या जिल्ह्याच्या वरून गेली. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावला नेऊन गाडीत चढवावा लागे. त्या वाटेवर बैलांचे खुर किती झिजले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

म्हणून छोटी रेल्वे आली. किलिक निक्सन नावाच्या इंग्रजी कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, वाटेत दारव्हा, कारंजा. पुढं मूर्तिजापूरहून अचलपूरला दुसरा फाटा. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. आम्ही रुळांच्या मधे उभं राहून पदरानं मोजलं, जेमतेम एक मोठं पाऊल. कापूस या गाडीनं मूर्तिजापूरला जाई, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, आणि मुंबईहून जहाजानं साता समुद्रापार. गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, म्हणजे ज्या गावात कापडाच्या गिरण्या होत्या त्याच गावचं. कापूस आमचा, गाडी त्यांची, आणि कापड पुन्हा आम्हालाच विकत. हे ऐकून आमची एक तरुण सदस्य म्हणाली, “ताई, हे तर व्यापाऱ्यासारखंच झालं, बियाणं बी त्याचं अन् काटा बी त्याचा.”

ते इंजिन १९२३ पासून धावलं ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेलचं आलं. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी हा मार्ग कंपनीच्या मालकीचा राहिला आणि गाडी चालवायची मध्य रेल्वेनं, अशी अजब सोयरीक होती. लोकांनी गाडीला नाव दिलं शकुंतला. सगळी मालमत्ता पुरुषांच्या नावावर असलेल्या मुलखात एका गाडीला तरी बाईचं नाव मिळालं, याचं आम्हाला बरं वाटतं.

पुस्तकात कापूस सापडतो, कंपनी सापडते. गाडीत बसलेल्या बाया सापडत नाहीत. त्या आम्हाला त्या संध्याकाळी सापडल्या, आजीच्या तोंडून. पारावर बसावं तशी ती फलाटाच्या कडेला बसली आणि बोलतच राहिली. तिचं माहेर लाडखेडच्या बाजूला, सडकेपासून आत. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात सासूनं गाडीत बसवून दिलं, एकटीला. “एकटी कायची? डब्बा भरून बाया राहत. कोणी लेकरू घेऊन, कोणी कोंबडी घेऊन. तिकीट नसलं त गार्डच खाली उतरून फाडून दे.” हे खरंच होतं. लहान स्टेशनांवर तिकीट बाबू नसे, गार्डच तिकीट देई. फाटक आलं की गाडीतलेच लोक उतरून ते बंद करत, गाडी पुढं गेली की उघडून परत चढत. यवतमाळहून मूर्तिजापूरला सहा-सात तास लागायचे. साहेब लोकांना ते रखडणं वाटे. आजीला ते सहा तास कमी वाटायचे. “तेवढ्या वेळात कोणी पाणी आण म्हणे ना, चूल पेटव म्हणे ना. बसून राहाचं अन् बाहेर पाहाचं. माहेरापरस गाडीच बरी वाटे कधी कधी.”

आम्ही सगळ्या ऐकतच राहिलो. म्हणजे बाईची सुटी माहेरी सुरू होत नव्हती, गाडीत होत होती.

गेल्या दशकात ही गाडी बंद पडली. मोठ्या रुळांची घोषणा २०१६ मध्ये झाली. मधल्या काळात एसटी होतीच, आणि मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं, ही मोठीच सोय. पण एसटी सडकेवर सोडते. आतल्या गावाला फाट्यावरून चालावं लागतं, आणि आजीचे गुडघे आता ते मानत नाहीत. चार वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. हे आम्हाला माहीतच नव्हतं. दर महिन्याला तिच्या शेजारी बसून आम्ही बचत मोजत होतो.

तिथून दुसरी सहल ठरली. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला वर्धा ते कळंब ही नवी मोठी रेल्वे सुरू झाली होती. यवतमाळच्या त्या कार्यक्रमाला बचत गटाच्या हजारो बाया गेल्या होत्या, तुमच्यातल्याही असतील. तर म्हटलं, आजीला कळंबहून गाडीत बसवायचं.

पैशावरून वाद झाला. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही यावर सगळ्या ठाम, मग प्रत्येकीनं आपापले काढले. घरी काय सांगायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. “काम काय आहे?” असं विचारलं तर? कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, म्हणून बहुतेकींनी देवदर्शन सांगितलं. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. दोघींनी मात्र सरळ सांगितलं, फिरायला जातोय. एकीला कोणी काही म्हटलं नाही. दुसरीला ऐकून घ्यावं लागलं, तरी ती आली.

भल्या पहाटे निघालो. दशम्या, जवसाची चटणी, कांदा, पन्हं सोबत. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरत जावं तसा गारवा लागतो. वर चटके बसत होते आणि खाली माठातल्यासारखं थंड. आम्ही तिथं नमस्कार केला आणि तासभर नुसत्या बसलो. कोणीही उठ म्हणालं नाही.

मग स्टेशन. तुम्ही जाणार असाल तर गाडीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या. गाडी सुटली, भिडी गेलं, देवळी गेलं. आजी खिडकीशी. गाडी फार जोरात जाते अशी तिची तक्रार, काही दिसतच नाही म्हणाली. वर्धा यायच्या आधी तिनं विचारलं, “हे रूळ पुढं आपल्याकडं येते का?” आम्ही सांगितलं, हा मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडपर्यंत जायचा आहे, एकूण २८४ किलोमीटर. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, “तवर मी राहीन का वं?”

आम्हाला उत्तर सुचलं नाही. परत आल्यावर मात्र पुढच्याच रविवारी आम्ही चौघी एका ओळखीच्या ऑटोत तिला बसवून माहेरी घेऊन गेलो. तिचा भाऊ अंगणात बाज टाकून बसला होता. त्यानं आधी आम्हालाच विचारलं, काय काम काढलं. आजी म्हणाली, “काम नाही. सुटीवर आलो.”