दान, अनुदान आणि दहावा वाटा

वृद्धांची शुश्रूषा आणि लहान मुलांचे संगोपन ही दोन कर्तव्ये आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घराच्या उंबरठ्याच्या आतली मानली गेली. त्यांसाठी संस्था असावी, तिला लोकांनी देणगी द्यावी आणि सरकारने अनुदान द्यावे, हा विचार आपल्यापैकी पुष्कळांस आजही परका वाटतो. परंतु काळ बदलला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभरांतील सुमारे दहा व्यक्ती साठी ओलांडलेल्या होत्या. मुलगा बंगलोरला, मुलगी परदेशी आणि आईवडील गावी दोघेच, अशी घरे आपल्या ज्ञातीतही आता थोडी नाहीत. दुसरीकडे नोकरी करणाऱ्या सुनेपुढे तान्ह्या मुलाला कोणापाशी ठेवावे, हा रोजचा प्रश्न उभा असतो. वृद्धांसाठी विरंगुळा केंद्र काढावे, मुलांसाठी पाळणाघर काढावे, अशा सूचना ज्ञातिसंस्थांच्या सभांतून वारंवार येतात. "देणग्या जमवू, सरकारी अनुदान मिळवू" असे म्हणून टाळ्याही पडतात. म्हणून अशी कामे महाराष्ट्रात पूर्वी कोणी केली आणि ती कशावर तगली, याचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

एकत्र कुटुंब आणि ज्ञाती यांनी म्हातारे व मुले सांभाळली, हे खरे. तथापि त्या छत्राबाहेर राहिलेल्यांचे काय होत असे, हेही प्रांजळपणे पाहिले पाहिजे. फसलेल्या विधवेचे मूल आणि मुलेबाळे नसलेला निर्धन वृद्ध, या दोघांना कुटुंब नव्हते आणि ज्ञातीही त्यांस जवळ करीत नव्हती. संस्थांचा आरंभ नेमका त्यांच्यापासूनच झाला.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यास सरकारी अनुदान नव्हते आणि कोणा धनिकाचा पाठिंबाही नव्हता. तेथे आश्रयास आलेल्या स्त्रिया मुख्यत्वे ब्राह्मण विधवा होत्या आणि दार उघडणारे दांपत्य माळी समाजातील होते, ही गोष्ट प्रत्येक ज्ञातिसंस्थेने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथेच जन्मलेल्या यशवंतास त्यांनी दत्तक घेतले. पुढे हाच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला.

त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ साली, पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असेच अनाथ बालकांचे गृह काढले. तेथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांचा त्यात पुढाकार होता. यात्रेच्या गावी टाकून दिलेल्या अर्भकांना तेथे आश्रय मिळू लागला. हे गृह पुढे वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने प्रसिद्धीस आले. फुले यांच्या घरात एका दांपत्याच्या त्यागावर चाललेले काम येथे मंडळाकडे आले. कर्त्या माणसाच्या मागे काम टिकायचे तर मंडळ हवे, आणि मंडळ म्हटले की निधी आलाच.

निधीविषयी सर्वांत मोठा धडा पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून मिळतो. १८८७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बॉस्टन येथे त्यांच्या नावाची एक संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे वार्षिक साहाय्य देण्याचे वचन दिले. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. दहा वर्षांची हमी ही आजही कोणत्याही संस्थेस हेवा वाटावा अशी गोष्ट. परंतु रमाबाई तेवढ्यावर निश्चिंत राहिल्या नाहीत. हमीची मुदत १८९८ मध्ये संपणार, हे ओळखून त्यांनी आधीच केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. उद्या बाहेरचा हात आखडला तरी मुलींच्या ताटात अन्न पडावे, हा त्यामागील हेतू. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराश्रित मुलींचा भार अकस्मात येऊन पडला, तेव्हा ही दूरदृष्टी कामी आली. रमाबाईंच्या धर्ममतांविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यांच्या अर्थव्यवस्थेपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा मार्ग निराळा, परंतु सार तेच. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. आश्रमास त्यांनी स्वतःची शिल्लक दिली आणि आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम तेथे गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावयाचे, हिंगण्याची वाट पायी तुडवावयाची आणि सुट्टीत गावोगाव वर्गणी गोळा करावयाची, असा अण्णांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. मोठ्या देणगीने जागा मिळाली, पण त्या जागेतील चूल पेटती राहिली ती लहान लहान वर्गण्यांनी.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यार्थ चार कोटी रुपयांची तरतूद झाली. संस्थांच्या बालवाड्यांना सरकारी तिजोरीतून पैसा मिळू लागला. तथापि बालवाडीची वाट त्याआधीच कोणी घालून दिली होती, हे विसरता कामा नये. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत, हे पाहून या दोघींनी शंख, शिंपले, खडे, बिया आणि पाने यांतून शिक्षणाची साधने बनविली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला. कल्पना लोकांची, विस्तार सरकारचा, असा हा योग आहे.

कष्टकरी मातांच्या मुलांसाठीही असेच घडले. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरील मजुरांच्या मुलांकरिता पाळणाघर काढले. पुढे हे काम मुंबईतही आले. पुण्यात १९६४ साली ससून रुग्णालयाच्या स्नेह्यांनी संस्था स्थापन केली. तिने १९७३ मध्ये टाकलेल्या अर्भकांसाठी श्रीवत्स हे बालसंगोपन केंद्र सुरू केले. रुग्णालय सरकारचे, देणग्या आणि सेवा नागरिकांची, असा तो जोड आहे.

वृद्धांच्या बाबतीत सरकार उशिरा जागे झाले. पुण्यातील डेव्हिड ससून यांच्या नावाचा निवारा एकोणिसाव्या शतकातील दानातून उभा राहिला होता. सरकारची वृद्धांसाठीची एकात्मिक योजना मात्र १९९२ ची. तिच्यात वृद्धाश्रम व दिवसभराची केंद्रे चालविणाऱ्या संस्थांस खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याची सोय होती. त्यानंतर १९९९ मध्ये ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण आणि २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास खर्च करणे बंधनकारक केले आणि अशा कार्यांच्या यादीत वृद्धाश्रम व दिवसभराची केंद्रे यांचाही समावेश केला.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वृद्धांच्या त्या योजनेत अनुदान नव्वद टक्क्यांपर्यंत होते, म्हणजे निदान दहावा वाटा संस्थेचा होता. पाळणाघरांच्या राष्ट्रीय योजनेत २०१७ पासून केंद्राचे साठ, राज्याचे तीस आणि संस्थेचे दहा टक्के असे प्रमाण ठरले. तेथेही दहावा वाटा संस्थेचाच. हा वाटा लहान दिसतो, परंतु संस्थेचा प्राण त्यात असतो. अनुदानाचा हप्ता मार्चअखेरीस यावयाचा तो पुढच्या दिवाळीस येतो, हे संस्था चालविलेल्या कोणासही ठाऊक आहे. तोवर मुलांचे दूध थांबत नाही आणि सेविकेच्या घरचे वाणसामानही थांबत नाही. योजनाही बदलतात. २०१७ मध्ये पाळणाघरांचा कारभार राज्यांकडे सोपविला गेला आणि पुढील काही वर्षांत त्या योजनेतील पाळणाघरांची संख्या पुष्कळच घटली. २०२२ मध्ये ती योजना 'पालना' या नव्या नावाने पुन्हा मांडली गेली. मधल्या काळात ज्यांच्यापाशी स्वतःची गंगाजळी नव्हती, त्यांना दार लावून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. केडगावची फळबाग म्हणजे रमाबाईंचा दहावा वाटाच होता.

देणगीचाही एक स्वभाव असतो. दात्यास आपल्या वडिलांच्या नावाची शिला लागलेली आवडते, त्यात गैर काही नाही. परंतु शिला भिंतीवर बसते, सेविकेच्या पगारावर बसत नाही. म्हणून सभागृहासाठी लाख रुपये सहज जमतात आणि म्हाताऱ्यांना स्नान घालणाऱ्या बाईच्या महिन्याच्या पगाराचा प्रश्न निघाला की बैठकीत सारे खाली पाहू लागतात. इतिहासात ज्या संस्था टिकल्या, त्यांनी हा दुसरा प्रश्न आधी सोडविला होता.

आणखी एक अवघड गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्ञातीच्या पैशातून काढलेले केंद्र ज्ञातीपुरतेच असावे, असे आपल्यातील अनेक आदरणीय मंडळींस वाटते. त्यांची भावना आम्ही जाणतो; पैसा ज्याचा, लाभ त्याचा, हा न्याय साधा आहे. परंतु १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेल्या, एकाच जातीच्या वा धर्मसमुदायाच्या हितासाठी असलेल्या धर्मादाय संस्थांस करमाफी नाकारली. देणगीदारांस मिळणाऱ्या सवलतीलाही तशीच अट घातली. कायदा बाजूस ठेवला तरी फुले दांपत्याने उघडलेले दार कोणत्या जातीस उघडले होते, हे वर आलेच आहे. आपल्या पाळणाघरात शेजारच्या वाडीतील मोलकरणीचे मूल आपल्या नातवाशेजारी झोपले, तर ज्ञातीचे काही उणे होणार नाही.

या इतिहासावरून आम्हांस चार गोष्टी उचित वाटतात. इमारतीआधी मासिक वर्गणीदार मिळवावेत. घरटी रक्कम लहान असो, पण ती न चुकता यावी. अनुदान न येताही एक वर्ष काम चालेल इतकी राखीव ठेव बँकेत असल्याशिवाय केंद्र उघडू नये. जमाखर्च दरवर्षी याच स्मरणिकेत, पै न पै, छापावा. आणि दार सर्वांस खुले असावे.

ज्यांनी आपल्याला बोट धरून शाळेत नेले ते वृद्ध, आणि ज्यांना आपण बोट धरून न्यावयाचे ती बालके, या दोघांच्या मध्ये आपली पिढी उभी आहे. सरकार नऊ वाटे देईल किंवा न देईल. दहावा वाटा मात्र आपलाच आहे आणि तो आधी ठेवावयाचा आहे. येत्या वार्षिक सभेत ज्ञातिबांधवांनी इमारतीच्या नकाशाबरोबर वर्गणीदारांची यादीही मागावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.