थोड्या दिवसांकरितां गेलेले सेवक



महोत्सव म्हटला कीं मागें वळून पाहणें आलेंच. आपल्या देवळाचा पाया, पहिले व्हिकार, घंटा व शाळा यांची हकीकत या अंकांत इतर लेखकांनीं दिली आहे. तीच मी पुन्हां सांगत नाहीं. मला आज आपल्या धर्मग्रामापासून फार दूर असलेल्या एका बेटाचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि तो कां, हें आरंभींच उघड करतों.

या महोत्सवी वर्षांत आपल्यांतील कांहीं तरुण मंडळींनीं व तीन विवाहित दांपत्यांनीं माझ्यापुढें एक विनंती ठेविली. परदेशांतील एखाद्या गरीब धर्मग्रामांत महिनाभर जाऊन तेथील कुटुंबांची सेवा करावी, असा त्यांचा मानस आहे. सल्लागार मंडळींत यावरून दोन तट पडले. "महिनाभरांत काय होणार? प्रवासाचा पैसा तिकडे पाठवून दिला तर निदान कोणाच्या पोटांत तरी दोन घांस जातील," असें वडीलधाऱ्यांचें म्हणणें पडलें, आणि खरें सांगावयाचें तर माझाही कल तिकडेच होता. निर्णय देण्यापूर्वीं सेमिनरींत असतां वाचलेला मोलोकाई बेटाचा इतिहास मीं पुन्हां वाचावयास घेतला. त्यांत जें मला सांपडलें, तें आपणांपुढें ठेवितों.

हवाई हा पॅसिफिक महासागरांतील बेटांचा समूह. आज तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोडतो. परंतु १८९३ सालापर्यंत तेथें तेथलेच राजे व राण्या राज्य करीत होत्या. परदेशीं जहाजांतून व्यापार आला, तसे नवे रोगही आले. त्यांपैकीं कुष्ठरोगानें, ज्याला आपले वाडवडील महारोग म्हणत, तेथें मोठा हाहाकार उडविला. नॉर्वे देशाचे डॉक्टर हान्सेन यांनीं या रोगाचे जंतु शोधून काढले ते १८७३ सालीं. आणि गुणकारी औषध मिळावयास त्यानंतरही जवळ जवळ सत्तर वर्षें लागलीं. घाबरलेल्या सरकारनें १८६५ सालीं कायदा केला कीं, रोग्यांस धरून इतरांपासून वेगळें ठेवावें. त्यासाठीं मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील भूशिर निवडण्यांत आलें. तीन बाजूंस खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारें २००० फूट उंचीचा उभा कडा, अशी ती जागा. ६ जानेवारी १८६६ रोजीं रोग्यांची पहिली तुकडी तेथें उतरविण्यांत आली.

हवाईच्या लोकांनीं या रोगास जें नांव दिलें, त्याचा अर्थ 'ताटातूट करणारा आजार' असा होतो. हें नांव किती यथार्थ आहे! रोग एकाच्या अंगावर दिसे, पण घाव सबंध घरावर बसे. बापाला नेलें कीं मुलें पोरकीं होत. आईला नेलें कीं तान्हें मूल शेजारणीच्या ओटींत राही. कांहीं निरोगी नवरे व बायका आपल्या माणसाचा हात न सोडतां आपखुषीनें त्या भूशिरावर गेलीं. त्यांना तेथें 'कोकुआ', म्हणजे मदतनीस, म्हणत. ख्रिस्ती विवाहाच्या वचनाची याहून मोठी साक्ष कोणती असूं शकेल?

आतां पहा. १८७३ सालच्या मे महिन्यांत बिशप मेग्रे यांनीं आपल्या धर्मगुरूंपुढें या लोकांची अवस्था मांडली. कोणा एकालाच तेथें कायमचें पाठविणें त्यांच्या जिवावर येत होतें; म्हणून चौघांनीं आळीपाळीनें कांहीं आठवडे जावें, असें ठरलें. चार धर्मगुरु तयार झाले. पहिली पाळी फादर दामियान यांची. हे बेल्जियमचे, पवित्र हृदयांच्या संघाचे, वय अवघें तेहतीस. १० मे १८७३ रोजीं ते मोलोकाईवर उतरले. आरंभीं राहावयास घर नव्हतें, म्हणून त्यांनीं एका झाडाखालीं रात्री काढल्या. पाळी संपण्यापूर्वींच त्यांनीं वरिष्ठांस कळविलें कीं, मला येथेंच राहूं द्यावें. थोड्या आठवड्यांकरितां गेलेला हा सेवक सोळा वर्षें तेथें राहिला आणि तेथेंच निजधामास गेला.

दहा वर्षें गेलीं. रोगी वाढले, शुश्रूषेस माणसें नव्हतीं. हवाईचे राजे कालाकाउआ यांच्या वतीनें फादर लेओनोर यांनीं १८८३ सालीं मठवासिनींच्या संघांस विनंतीपत्रें धाडलीं. पन्नासांहून अधिक संघांनीं नकार दिला. होकार आला तो न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज येथील फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या वरिष्ठ मदर मारिआन कोप यांचा.

या बाईंचें पूर्वचरित्र लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १८३८ सालीं जर्मनींत जन्म. लहानपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंत आगमन. मठांत जाण्याची ओढ लहानपणापासून होती, पण वडील आजारी पडले आणि घराचा भार या मुलीवर आला. कापडाच्या गिरणींत काम करून तिनें आईवडिलांस व धाकट्या भावंडांस पोसलें. वडील वारल्यावर, १८६२ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, ती मठांत शिरली. पुढें सिराक्यूजच्या सेंट जोसेफ रुग्णालयाचा कारभार तिच्याकडे आला. धर्म, वंश वा व्यसन न पाहतां तेथें रोग्यांस घेत असत, आणि रोग्यास हात लावण्यापूर्वीं हात स्वच्छ धुण्याचा नियम त्या काळींही कसोशीनें पाळीत असत. घरासाठीं स्वतःची इच्छा मागें ठेवावयास शिकलेली ही स्त्री परक्या घरांच्या हांकेस धांवून गेली, यांत नवल तें काय?

पस्तीस सिस्टरांनीं जाण्याची तयारी दाखविली. त्यांतून सहा निवडल्या. मदर स्वतः सातव्या. त्यांचा बेत असा कीं, सहाजणींस कामावर बसवून द्यावें आणि आपण सिराक्यूजला परतावें. कारण सबंध संघाची जबाबदारी त्यांच्यावर होती. ८ नोव्हेंबर १८८३ रोजीं 'मारिपोसा' नांवाची आगबोट होनोलुलूच्या बंदरास लागली. शांतिमातेच्या कॅथेड्रलच्या घंटा वाजल्या. मदरांचें वय तेव्हां पंचेचाळीस होतें.

होनोलुलूजवळील काकाआको येथील रोग्यांच्या दवाखान्यांत त्यांस काय दिसलें? दाटीवाटीनें कोंबलेलीं माणसें, न धुतलेल्या जखमा, घाण, माशा. सिस्टरांनीं पदर खोंचून प्रथम जमीन धुतली आणि मग जखमा धुतल्या. पण मदरांच्या लक्षांत आलें कीं, खरी घाण निराळीच आहे. तेथील देखरेख करणारा मनुष्य रोग्यांशीं क्रूरपणें वागत असे. त्यांनीं सरकारास स्पष्ट सांगितलें कीं, एक तर त्यास दूर करा, नाहींतर आम्ही सर्वजणी परत जातों. सरकारनें त्यास दूर केलें आणि सर्व कारभार मदरांच्या हातीं दिला. कळवळा असलेली माणसें पुष्कळ असतात. परंतु ज्याची सेवा करावयाची त्याच्या बाजूनें अधिकाऱ्यासमोर उभें राहणारीं थोडीं. या बाईंच्या अंगीं दोन्ही होतें.

मग प्रश्न आला रोग्यांच्या मुलींचा. त्या निरोगी, पण आईबापांचें नांव ऐकून त्यांस कोणी दारांत उभें करीना. १८८४ सालीं राणी कापिओलानी मोलोकाईस गेल्या होत्या आणि तेथील दुःख त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. राणीच्या साहाय्यानें १८८५ च्या नोव्हेंबरांत या मुलींकरितां 'कापिओलानी होम' उघडलें. तें काकाआकोच्या आवारांतच उघडावें लागलें; कारण इतरत्र त्यांस आसरा द्यावयास कोणी धजेना.

१८८६ सालीं फादर दामियान उपचारासाठीं काकाआको येथें आले. त्यांस स्वतःस हा रोग जडल्याचें एव्हांना सर्वांस कळलें होतें, आणि मोठमोठे लोक त्यांच्या भेटीस कचरत होते. मदर मारिआन यांनीं मात्र त्यांचें आदरानें स्वागत केलें. पुढें सरकार बदललें, धोरण कडक झालें आणि सर्व रोग्यांस मोलोकाईस धाडण्याचें ठरलें. १८८८ च्या नोव्हेंबरांत मदर मारिआन या सिस्टर लेओपोल्दिना व सिस्टर विन्सेन्शिया यांस घेऊन मोलोकाईवरील कालाउपापा येथें गेल्या. १५ एप्रिल १८८९ रोजीं, पवित्र आठवड्याच्या सोमवारीं, फादर दामियान यांनीं प्राण सोडला. त्यांच्या मुलांचा सांभाळ मग कांहीं वर्षें सिस्टरांनींच केला.

कालाउपापा येथें मुलींच्या आश्रमांत मदरांनीं काय केलें, हें ऐकण्यासारखें आहे. त्यांनीं झाडें व फुलें लावलीं, शिवणकाम व गाणें शिकविलें, मुलींस चांगल्या कापडाचे झगे बेतून दिले. मरावयास पाठविलेल्या मुलींस त्यांनीं नटावयास शिकविलें! याच वर्षीं, १८८९ सालीं, प्रसिद्ध ग्रंथकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे आठवडाभर तेथें राहिले. ते कॅथलिक नव्हते, तरी मुलींबरोबर खेळले आणि गेल्यावर त्यांनीं त्यांच्यासाठीं पियानो पाठविला. फादर दामियान यांची निंदा झाली, तेव्हां १८९० सालीं त्यांची बाजू जगापुढें मांडली तीही याच ग्रंथकारानें. आठवडाभराचा पाहुणासुद्धां, जें पाहिलें त्यास जागला, तर किती करूं शकतो, याचें हें उदाहरण आहे.

मदर मारिआन परत गेल्या नाहींत. ९ ऑगस्ट १९१८ रोजीं, ऐंशी वर्षांच्या असतां, कालाउपापा येथेंच त्यांस मरण आलें. त्यांनीं आपल्या सिस्टरांस दिलासा दिला होता कीं, तुम्हांपैकीं कोणासही हा रोग होणार नाहीं; आणि तसेंच घडलें. फादर दामियान यांस २००९ सालीं व मदर मारिआन यांस २०१२ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं संतपद दिलें. मदरांच्या अस्थि २००५ सालीं सिराक्यूजला नेण्यांत आल्या. २०१४ सालीं त्या पुन्हां होनोलुलूच्या त्याच कॅथेड्रलमध्यें आणून ठेविल्या, जेथें १८८३ सालीं त्यांच्या आगमनाच्या घंटा वाजल्या होत्या.

इतिहास सांगतांना एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. या संतांनीं तो कायदा बदलला नाहीं. तो त्यांच्या हातचा नव्हता. मुलींस आसरा मिळाला खरा, पण आईची कुशी मिळाली नाहीं. वसाहतींत जन्मलेलीं मुलें पुढेंही आईबापांपासून दूर नेण्यांत येत. सुमारें ८००० माणसें त्या भूशिरावर गेलीं. १९४६ सालीं तेथें सल्फोन औषधें पोंचलीं. वेगळें ठेवण्याचा कायदा १९६९ सालीं रद्द झाला. म्हणजे सेवकांनीं जखम धुतली, पण ताटातूट थांबविली नाहीं. सेवा करणाऱ्यानें आपल्या सेवेची मर्यादा ओळखावी. नाहींतर तो स्वतःसच तारणारा समजूं लागतो.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट. गुरुदीक्षा होऊन दोन वर्षें झालीं असतां मी सहा आठवडे कुष्ठरोग्यांच्या एका आश्रमांत सेवेसाठीं गेलों होतों. तेथें एक म्हातारे बाबा होते. रोग बरा झाला होता, पण घरीं नेणारें कोणी नव्हतें. निघण्याच्या दिवशीं त्यांनीं मुलीचा पत्ता माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि म्हणाले, "फादर, तिला एवढेंच लिहा कीं मी बरा झालों आहें." मीं वचन दिलें. परत आल्यावर कामें लागलीं. कागद कोठें गहाळ झाला, तें कळलें नाहीं. पत्र गेलें नाहीं. त्या सहा आठवड्यांत मीं पुष्कळ जखमा बांधल्या असतील. पण त्या बाबांनीं वाट पाहिली ती पत्राची. थोड्या दिवसांच्या सेवेविषयीं माझ्या मनांत जो अविश्वास होता, तो त्या सेवेवरचा नव्हताच. तो माझ्यावरचा होता, हें मला मोलोकाईनें शिकविलें.

म्हणून, धर्मग्रामस्थहो, मीं आपल्या मंडळींस संमति दिली आहे. परंतु कांहीं अटींवर. जेथून बोलावणें येईल तेथेंच जावें. हवाईनें बोलाविलें होतें, म्हणून सिस्टर गेल्या. जाण्यापूर्वीं तेथील भाषेचे चार शब्द व तेथील चालीरीति शिकाव्या. जें पाळवणार नाहीं असें वचन लहान मुलासही देऊं नये. आणि चौथी अट आपणां सर्वांवर आहे. सिराक्यूजच्या संघानें सहाजणींस धाडून हात झाडले नाहींत. मागाहून आणखी सिस्टर धाडल्या, आणि १९२७ सालीं होनोलुलूंत रुग्णालयही उभारिलें. तसेंच आपणही एकदां ज्या धर्मग्रामाशीं नातें जोडूं, त्यास निदान दहा वर्षें तरी अंतर देऊं नये. महिनाभर जाणारे जातील. पण वडीलधाऱ्यांचा पैसा, आजीबाईंची रोझरी व शाळेंतील मुलांचीं पत्रें दरवर्षीं तेथें पोंचलीं पाहिजेत.

फादर दामियान व मदर मारिआन थोड्या दिवसांकरितां गेले आणि राहिले. आपली मंडळी परत येतील. तें योग्यच आहे, त्यांस मुलेंबाळें आहेत. परंतु शरीर परतलें तरी मन परतूं नये, एवढी कृपा प्रभु येशूनें त्यांस व मला द्यावी. त्या बाबांच्या आत्म्यासाठीं या महोत्सवाच्या मिस्सांत आपण सर्वांनीं माझ्याबरोबर प्रार्थना करावी, हीच आपल्या व्हिकाराची विनंती.